पोल पोझिशन

पोल पोझिशन : व्यावसायिक मोटारशर्यतींच्या धर्तीवर रचलेला एक प्रारंभीचा व्हिडिओ खेळ. जपानमधील नामको ह्या कंपनीने तो १९८२ मध्ये प्रसृत केला. अमेरिकेत त्याची यंत्रे अटारी ह्या कंपनीमार्फत बाजारात आली. नाणे टाकून चालणाऱ्या खेळयंत्रांच्या वर्गात तो मोडतो. खेळणाऱ्यापुढे एक रंगीत पडदा, त्याखाली स्टिअरिंग चाक, बाजूस दोन टप्प्यांचा गिअरचा दांडा आणि पायाशी ॲक्सिलरेटर अशी त्याची मांडणी असून बसून खेळावयाच्या मोठ्या प्रकारात ब्रेकचीही सोय होती. पडद्यावर फॉर्म्युला वन शर्यतीची मोटार पाठीमागून व किंचित वरून दिसते आणि समोरचा रस्ता तिच्याकडे वेगाने धावत येतो. अमेरिकेत १९८३ ह्या वर्षी सर्वाधिक उत्पन्न मिळविणाऱ्या खेळयंत्रांत ह्या खेळाचे स्थान अग्रभागी होते.

ह्या खेळाला अनेक बाबतींत पहिलेपणाचा मान दिला जातो. त्यांतील काही दावे टिकत नाहीत. मोटारीच्या मागून रस्ता दाखविण्याची पद्धत सेगा कंपनीच्या टर्बो (१९८१) ह्या खेळात आधीच आली होती, चालकाच्या नजरेतून रस्ता दाखविणारे खेळ त्याच्याही आधी पाच-सहा वर्षे निघाले होते, तर चाक व पायपट्टी असलेली यंत्रे व्हिडिओ खेळांच्या जन्मापूर्वीपासून जत्रांत आणि करमणूक-केंद्रांत होती. पोल पोझिशनचे खरे वैशिष्ट्य निराळ्या ठिकाणी शोधावे लागते. त्याच्या पूर्वीच्या खेळांनी मोटारशर्यतीतून वेग तेवढा घेतला होता. ह्या खेळाने शर्यतीची व्यवस्था घेतली. पात्रता-फेरी, क्रमवार प्रारंभस्थाने, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतचे कालमापन, प्रत्यक्षात अस्तित्वात असलेला शर्यतमार्ग आणि मार्गाच्या कडेचे जाहिरातफलक ही सर्व अंगे त्यात एकत्र आली. एक अंग मात्र त्याने वगळले. ते म्हणजे मृत्यू. व्यावसायिक मोटारशर्यतींचा त्या काळचा इतिहास पाहता ही वगळणूक लहान नव्हती.

नावाचा अर्थ : ‘पोल’ म्हणजे खांब. घोड्यांच्या शर्यतींत मार्गाच्या आतल्या कडेला खुणेचे खांब असत. त्या कडेला सर्वांत जवळ असलेल्या घोड्यास वळणावर कमी अंतर काटावे लागे. त्यावरून आतल्या बाजूच्या जागेला अमेरिकेतील घोडशर्यतींत हे नाव पडले व तेथून ते मोटारशर्यतींत आले. मोटारशर्यतींत प्रारंभीची स्थाने पूर्वी बहुधा चिठ्ठ्या टाकून वा प्रवेशिकांच्या क्रमाने ठरत. ग्रां प्री शर्यतींपुरते पाहिल्यास १९३३ च्या मोनॅको शर्यतीत सरावाच्या वेळी नोंदलेल्या वेळांवरून स्थाने ठरविण्यात आली आणि पुढे तीच रूढी झाली. सर्वांत कमी वेळ नोंदविणारा चालक सर्वांच्या पुढे उभा राहतो, ही त्याची पोल पोझिशन होय.

मराठी वाचकास ही कल्पना परकी वाटू नये. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील बैलगाडा शर्यतींत प्रत्येक गाडा घाटातून एकटा धावतो आणि त्याचा वेळ घड्याळावर मोजला जातो. सातारा-सांगलीकडील मैदानांत मात्र अनेक गाड्या एकदम सोडतात. आधी एकट्याने घड्याळाशी आणि मग इतरांशी, अशी दुहेरी झुंज मोटारशर्यतीत एकामागोमाग होते, इतकेच.

पूर्वपीठिका : चाक हाती घेऊन मोटार हाकल्याचा आनंद देणारी यंत्रे विसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकापासून अमेरिकेत होती. फिरत्या कापडी पट्ट्यावर वा पिंपावर रस्ता रंगविलेला असे व त्यावर एक लहानशी मोटार खेळणाऱ्याच्या चाकानुसार डावीउजवीकडे सरके. १९६० नंतरच्या दशकात जपानमध्ये ह्या यंत्रांनी मोठी प्रगती केली. कान्साई सेइकी ह्या कंपनीच्या इंडी ५०० (१९६८) ह्या यंत्रात दिवा व फिरत्या चकत्या यांच्या साहाय्याने पडद्यावर रंगीत रस्ता व इतर मोटारी उमटत. शिकागो कॉइन कंपनीचे स्पीडवे (१९६९) हे अमेरिकी यंत्र त्याच धर्तीचे होते. ह्या यंत्रांत दात्यांची चाके, पट्टे आणि दिवे असत. ती वारंवार बिघडत. त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिकी येण्याचे एक कारण हे निव्वळ दुरुस्तीच्या खर्चाचे होते.

अटारी कंपनीचा ग्रान ट्रॅक १० (१९७४) हा मोटारशर्यतीच्या व्हिडिओ खेळांचा पहिला महत्त्वाचा नमुना. त्यात काळ्या पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांनी आखलेला मार्ग वरून पाहिल्यासारखा दिसे आणि खेळणारा प्रतिस्पर्ध्याशी नव्हे, तर केवळ वेळेशी झुंजे. चाक, गिअर आणि पायपट्ट्या यांची जोडणी मात्र त्यात आजच्यासारखीच होती. चित्रे साठविण्यासाठी स्थायी स्मृतीचा वापर करणाऱ्या प्रारंभीच्या खेळांत त्याची गणना होते. त्याच वर्षी जपानमध्ये ताइतो कंपनीचा स्पीड रेस हा खेळ निघाला. त्याचे रचनाकार तोमोहिरो निशिकादो यांनीच पुढे १९७८ मध्ये स्पेस इन्व्हेडर्स हा जगप्रसिद्ध खेळ रचला. स्पीड रेसमध्ये मोटार जागच्या जागी राहून रस्ता व इतर गाड्या वरून खाली सरकत. दृश्य सरकवून वेगाचा आभास निर्माण करण्याची ही युक्ती पुढील सर्व खेळांचा पाया ठरली. १९७५ च्या इंडी ८०० मध्ये एका मोठ्या यंत्राभोवती आठ खेळाडू उभे राहून एकाच रंगीत पडद्यावर आठ मोटारी पळवीत.

वरून पाहण्याऐवजी चालकाच्या नजरेतून पाहण्याचा बदल जर्मनीत झाला. राइनर फ्योर्स्ट ह्या अभियंत्याने १९७५-७६ च्या सुमारास सिद्ध केलेल्या यंत्राला त्याने न्युर्बुर्गरिंग ह्या विख्यात शर्यतमार्गाचे नाव दिले होते. रात्रीच्या अंधारात रस्त्याच्या दोन्ही कडांचे पांढरे खुणेचे खांब तेवढे दिसावेत, तसे त्याचे दृश्य असे. अटारीचा नाइट ड्रायव्हर (१९७६) ह्याच कल्पनेवर आधारलेला होता. अंधाराची निवड सौंदर्यदृष्टीची नव्हती. त्या वेळच्या मंडलांना उजेडातील रस्ता रेखाटणे झेपत नव्हते. अडचणीचे असे सोने करण्याची उदाहरणे व्हिडिओ खेळांच्या इतिहासात अनेक आहेत.

ज्या वर्षी नाइट ड्रायव्हर निघाला त्याच वर्षी, १ ऑगस्ट १९७६ रोजी, खऱ्या न्युर्बुर्गरिंगवर ऑस्ट्रियाचा विश्वविजेता चालक निकी लाउडा याची मोटार बाजूच्या बांधावर आदळून पेटली व तो गंभीररीत्या भाजला. सु. २३ किमी. लांबीच्या त्या जुन्या मार्गावर फॉर्म्युला वनची शर्यत पुन्हा झाली नाही. १९७६ मध्येच एक्सिडी कंपनीच्या डेथ रेस ह्या खेळावरून अमेरिकेत मोठा गदारोळ उडाला. त्यात मोटारीखाली माणसासारख्या आकृती चिरडल्याबद्दल गुण मिळत व प्रत्येक आकृतीच्या जागी क्रूस उमटे. मोटार आणि मरण यांचा संबंध खेळात कसा दाखवावा, किंबहुना दाखवावा की नाही, हा प्रश्न त्या वर्षी प्रथमच जाहीरपणे चर्चिला गेला. पुढील खेळांनी त्याचे उत्तर बहुधा मौनाने दिले. सेगाच्या मोनॅको जीपी (१९७९) ह्या खेळात मधूनच मागून रुग्णवाहिका येऊन वाट मागते. परंतु ती कोणासाठी निघाली आहे, हे खेळणाऱ्यास कधी कळत नाही.

नामको कंपनीचा ह्या क्षेत्रातील प्रवेश खेळण्यांच्या वाटेने झाला. मासाया नाकामुरा यांनी १९५५ मध्ये तिची स्थापना केली, त्या वेळी योकोहामातील एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर मुलांना बसण्यासाठी ठेवलेले दोन यांत्रिक घोडे एवढेच तिचे भांडवल होते. १९७४ मध्ये तिने अटारीची जपानमधील शाखा विकत घेतली आणि ती व्हिडिओ खेळांकडे वळली. १९७६ चे तिचे एफ-१ हे यंत्र अजून जुन्या, प्रकाशप्रक्षेपणाच्या पद्धतीचे होते. त्या पिढीच्या यंत्रांवर काम केलेले आणि गॅलॅक्सियन (१९७९) ह्या खेळाचे रचनाकार म्हणून नावाजलेले काझुनोरी सावानो यांनी शिनिचिरो ओकामोतो यांच्यासमवेत पोल पोझिशनची आखणी केली. जुन्या यंत्रांतील चाकाचा जिवंतपणा आणि नव्या यंत्रांतील चित्राचे स्वातंत्र्य या दोहोंचा मेळ त्यात पडला आहे, त्याचे कारण ह्या पूर्वानुभवात असावे.

खेळाचे स्वरूप : नाणे पडताच यंत्रातून कृत्रिम आवाजात पात्रता-फेरीसाठी सज्ज होण्याची सूचना ऐकू येते. खेळणाऱ्याने मार्गाची एक फेरी ठराविक वेळात, सामान्यतः ७३ सेकंदांत, पूर्ण करावयाची असते. ही मर्यादा कमी-जास्त करण्याची सोय यंत्राच्या मालकाकडे असे. फेरीस लागलेल्या वेळानुसार आठ प्रारंभस्थानांपैकी एक मिळते व मग प्रत्यक्ष शर्यत सुरू होते. मर्यादा ओलांडली, तर शर्यत नाही; नाण्याच्या मोबदल्यात उरलेला वेळ मार्गावर एकट्याने धावावयाचे आणि बाजूस व्हावयाचे. तोवरच्या बहुतेक खेळयंत्रांत नाणे टाकणाऱ्यास खेळाचा मुख्य भाग आपोआप मिळे. येथे तो मिळवावा लागे. नाणे घेऊन खेळणाऱ्यास दारातूनच परत पाठविण्याचे हे धाडस धंद्याच्या दृष्टीने उलटण्याजोगे होते. प्रत्यक्षात त्यामुळेच लोक पुन्हा पुन्हा नाणी टाकू लागले. यंत्राभोवती जमलेल्या बघ्यांनाही कोणाची फेरी किती सेकंदांत झाली, हे आकड्यांत दिसे. त्यामुळे खेळणाऱ्यांची आपसांतली स्पर्धा वेगळीच रंगे.

शर्यतीत इतर मोटारी वाट अडवितात, रस्त्यात पाण्याची डबकी वेग खातात आणि वळणावर मोटार बाहेरच्या अंगाला ओढली जाते. खालच्या गिअरमध्ये मोटार लवकर वेग घेते, वरच्या गिअरमध्ये तिचा कमाल वेग वाढतो. तीव्र वळणापूर्वी गिअर उतरवून बाहेर पडताना पुन्हा चढविणे, हे खऱ्या चालकाचे कौशल्य अगदी ढोबळ स्वरूपात येथे लागते. दुसऱ्या मोटारीवर वा फलकावर आदळल्यास मोटारीचा स्फोट होतो. काही सेकंद वाया जातात व मोटार पूर्ववत रस्त्यावर उभी राहते. अपघाताची सारी किंमत वेळात मोजली जाते.

रस्त्याचा आभास : पोल पोझिशनच्या यंत्रात तीन सूक्ष्मप्रक्रियक होते. त्यांपैकी दोन झायलॉग कंपनीचे झेड ८००२ ह्या जातीचे, १६ बिटांचे होते व एक त्याच कंपनीचा ८ बिटांचा झेड ८० होता. १६ बिटांचे प्रक्रियक खेळयंत्रात त्या वेळी दुर्मिळ होते. तरीही खऱ्याखुऱ्या त्रिमितीय भूमितीची आकडेमोड करणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. रस्ता दाखविण्यासाठी म्हणून वेगळीच युक्ती योजली गेली. चित्रनलिकेवरील चित्र आडव्या क्रमवीक्षण रेषांचे बनलेले असते. पडद्याच्या तळाशी असलेल्या रेषेवर रस्ता रुंद, त्याच्या वरच्या रेषेवर किंचित अरुंद, असे करीत क्षितिजापाशी तो जवळजवळ बिंदूएवढा उरतो. चित्रकार यथादर्शनासाठी कागदावर जे करतो, तेच येथे रेषेगणिक केले जाते. रस्ता वळवावयाचा असेल, तेव्हा प्रत्येक रेषा तिच्या खालच्या रेषेपेक्षा थोडी अधिक डावीकडे वा उजवीकडे सरकवली जाते. सरकण्याचे हे प्रमाण वर वर वाढत गेले की रस्त्याला डौलदार बाक येतो. कडेचे फिके व गडद पट्टे आळीपाळीने खाली उतरत राहतात, त्यामुळे गती भासते. दूरचा डोंगर व ढग वळणाच्या उलट दिशेने हळूहळू सरकतात. मोटारी व फलक यांची चित्रे अंतराच्या प्रमाणात लहानमोठी करण्यासाठी स्वतंत्र मंडलरचना होती.

ह्या सर्व खटाटोपात मोटार प्रत्यक्षात कोठेच वळत नाही. चाक फिरविले की रस्ता बाजूस सरकतो आणि वळणावर बाहेर ओढ लागते ती पडद्याच्या मध्यापासून मोटारीला सरकवणाऱ्या एका संख्येमुळे. असे असूनही खेळणारा वळणावर स्वतःचे अंग कलते करतो. ह्या आभासाचा परिणाम इतका चांगला साधला होता की, हीच पद्धत पुढील दशकभर जवळजवळ सर्व मोटारखेळांनी वापरली.

फुजीचा शर्यतमार्ग : खेळातील मार्ग मध्य जपानमधील फुजी पर्वताच्या पायथ्याशी, शिझुओका विभागातील ओयामा येथे असलेल्या फुजी स्पीडवेचा आहे. पडद्यावर क्षितिजाशी तो पर्वतही दिसतो. १९६६ मध्ये सुरू झालेल्या ह्या मार्गाची आखणी आरंभी अमेरिकी पद्धतीच्या अंडाकृती धावमार्गाची होती. ती अर्धवट राहिली आणि सु. ६ किमी. लांबीचा एक विचित्र मार्ग तयार झाला. त्यात सरळ पट्ट्यानंतर लगेच ३० अंशांनी कललेले एक भयंकर वळण होते. २ जून १९७४ रोजी तेथील साखळी अपघातात हिरोशी काझातो व सेइइची सुझुकी हे दोन चालक जळून मरण पावले. त्यानंतर कललेले वळण वापरातून काढण्यात आले व मार्गाची लांबी ४.३५९ किमी. उरली. खेळात जो मार्ग आहे, तो हा आखूड केलेला.

जागतिक अजिंक्यपदाची जपानमधील पहिली फॉर्म्युला वन शर्यत येथेच २४ ऑक्टोबर १९७६ रोजी झाली. न्युर्बुर्गरिंगवर भाजलेला लाउडा अवघ्या सहा आठवड्यांत पुन्हा शर्यतीत उतरला होता आणि अजिंक्यपद त्याच्यात व इंग्लंडच्या जेम्स हंटमध्ये ठरावयाचे होते. मुसळधार पावसाने मार्गावर पाणी साचले. दोन फेऱ्यांनंतर लाउडाने मोटार बाजूला घेतली. अशा स्थितीत धावणे जिवाशी खेळण्यासारखे आहे, अशी त्याची भूमिका होती. हंट तिसरा आला व एका गुणाच्या फरकाने, ६९ विरुद्ध ६८, विश्वविजेता झाला. शर्यत अमेरिकेच्या मारिओ आंद्रेत्तीने जिंकली. पोल पोझिशनच्या रस्त्यावरील डबक्यांकडे पाहताना हा इतिहास ठाऊक असलेल्यास त्या दिवसाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. खेळात मात्र डबक्याने मोटारीचा वेग तेवढा कमी होतो, आणि लाउडासारखा थांबण्याचा निर्णय घेण्याची तरतूद त्यात नाही.

आंद्रेत्तीने त्या शर्यतीच्या पात्रता-सत्रात नोंदविलेला सर्वोत्तम वेळ १ मिनिट १२.७७ सेकंद होता. खेळातील ७३ सेकंदांच्या मर्यादेशी हा आकडा ताडून पाहण्यासारखा आहे. खऱ्या फुजीवर ज्या वेळाने सर्वांत पुढची जागा मिळाली, जवळपास तेवढ्याच वेळाने खेळातील फुजीवर कसेबसे शेवटचे स्थान मिळते. यंत्राच्या पडद्यावर वेग असा स्वस्त होतो.

पुढील वर्षी, २३ ऑक्टोबर १९७७ रोजी, फुजीवर दुसरी शर्यत झाली. तीत कॅनडाच्या जिल व्हिलनव्हची फेरारी रॉनी पीटरसनच्या टायरेलवर मागून आदळून हवेत उडाली आणि प्रवेशास बंदी असलेल्या जागी उभ्या असलेल्या लोकांत पडली. दोघे ठार झाले. ह्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत जपानमध्ये दहा वर्षे झाली नाही. १९८७ मध्ये ती परत आली, ती सुझुका येथील मार्गावर. म्हणजे १९८२ मध्ये नामकोने हा खेळ रचला, तेव्हा फुजीवर फॉर्म्युला वनच्या मोटारी धावत नव्हत्या आणि नजीकच्या काळात धावण्याची चिन्हेही नव्हती. जपानी माणसाला आपल्या देशात फॉर्म्युला वनची मोटार फुजीवर पळविण्याचे एकमेव ठिकाण त्या वर्षांत नामकोचे यंत्र होते. खेळ खऱ्या शर्यतीचे अनुकरण करतो, असे आपण सहज म्हणतो. येथे अनुकरण करण्यास मूळ वस्तूच उरली नव्हती. मृत्यूमुळे थांबलेली शर्यत मृत्यू वगळून पडद्यावर चालू राहिली. ह्या खेळाच्या रचनेत करुणा वा स्मरण यांचा हेतू होता, असे सुचविण्याचे कारण नाही. परंतु त्याचे ऐतिहासिक स्थान ह्या वस्तुस्थितीने ठरते.

पुढे टोयोटा कंपनीने फुजीचा मार्ग विकत घेऊन त्याची पुनर्रचना केली. २००७ व २००८ ह्या दोन वर्षी तेथे पुन्हा फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. २००७ ची शर्यत पावसात झाली. पहिल्या एकोणीस फेऱ्या सर्व मोटारींना संरक्षक मोटारीच्या मागे संथपणे काढावयास लावण्यात आले. १९७६ नंतरच्या तीन दशकांत सुरक्षिततेविषयीची दृष्टी किती बदलली, हे त्यावरून दिसते.

जाहिरातफलक : खेळातील मार्गाच्या कडेने उभे असलेले फलक काल्पनिक नव्हते. पेप्सी, कॅनन, मार्लबरो अशी खरी नावे त्यांवर होती. व्यावसायिक शर्यतींत १९६८ पासून मोटारींवर पुरस्कर्त्यांची नावे व रंग सर्रास येऊ लागले होते आणि त्यांत सिगारेट कंपन्या आघाडीवर होत्या. हंटने १९७६ चे अजिंक्यपद मार्लबरोच्याच रंगांतील मॅक्लारेनमधून मिळविले. तेव्हा शर्यतीचे दृश्य खरे वाटावयाचे, तर हे फलक हवेतच, असा युक्तिवाद करता येतो. तथापि शर्यतीच्या प्रेक्षकांत प्रौढ अधिक, तर खेळयंत्रांपुढे शाळकरी मुले अधिक, हा भेद डोळ्यांआड करता येत नाही. फलकावर आदळल्यास मोटार नष्ट होत असल्याने खेळणाऱ्यास त्यांकडे लक्ष द्यावेच लागे. जाहिरातदाराला ह्याहून सोयीची व्यवस्था मिळणे कठीण. अटारीच्या आवृत्तीत काही फलक बदलण्यात आले व नंतरच्या पुनरावृत्त्यांतून खऱ्या उत्पादनांची नावे वगळण्यात आली. भारतात तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी घालणारा केंद्रीय अधिनियम २००३ चा आहे.

प्रभाव : पोल पोझिशन २ (१९८३) मध्ये फुजीखेरीज सुझुकासह आणखी तीन मार्ग आले. त्याच वर्षी तात्सुमी कंपनीने टीएक्स-१ मध्ये तीन पडदे शेजारी शेजारी लावून चालकाची नजर रुंदावली. घरगुती यंत्रांसाठी पोल पोझिशनच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्याच नावाची एक व्यंगपटमालाही अमेरिकी दूरदर्शनवर १९८४ मध्ये झाली, तिचा खेळाशी नावापलीकडे फारसा संबंध नव्हता. सेगाच्या आउट रन (१९८६) ह्या खेळाने शर्यतीची शिस्त बाजूला सारून नुसत्या भटकंतीचा आनंद पुढे आणला. नामकोच्याच फायनल लॅप (१९८७) मध्ये यंत्रे तारेने जोडून आठ जणांना एकाच वेळी सुझुकावर धावता येऊ लागले. १९९० च्या आसपास बहुभुजांनी बनविलेली खरी त्रिमितीय दृश्ये आली, तेव्हा रेषा सरकविण्याची जुनी युक्ती मागे पडली. पुढे संगणकीय अनुरूपण इतके सूक्ष्म झाले की, शर्यतसंघ आपल्या चालकांना त्यावरच मार्ग पाठ करावयास लावतात. २००८ पासून निसान व सोनी या कंपन्यांनी घरी खेळणाऱ्यांतून खऱ्या शर्यतींसाठी चालक निवडण्याचा उपक्रम चालविला व त्यातून लुकास ओर्दोन्येस, यान मार्डनबरो यांच्यासारखे चालक खरोखरच शर्यतमार्गावर आले. पात्रता-फेरी पडद्यावर आणि शर्यत डांबरावर, असा हा उलटा प्रवास होय. मार्डनबरोची मोटार २०१५ मध्ये न्युर्बुर्गरिंगवर उडून कुंपणापलीकडे गेली व एक प्रेक्षक मरण पावला. खेळाने वगळलेली गोष्ट अशी परत आली.

भारतातील संदर्भ : भारतात मोटारींच्या स्पर्धांची परंपरा जुनी आहे. १९०४ च्या अखेरीस दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची विश्वसनीयता-चाचणी झाली होती. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळील शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर दीर्घकाळ शर्यती भरत. परंतु मोटार ही वस्तूच दुर्मिळ असलेल्या देशात हा छंद मूठभरांचा राहिला. पद्मिनी किंवा ॲम्बॅसेडरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या कुटुंबातील मुलाला स्टिअरिंग चाक प्रथम हाती मिळाले ते बहुधा एखाद्या व्हिडिओ पार्लरमध्ये. १९८० नंतरच्या दशकात मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत अशी पार्लरे निघाली. १९९० नंतर दूरदर्शन-संचाला जोडावयाची स्वस्त यंत्रे आली, तेव्हा निन्टेंडोचा एफ-१ रेस (१९८४) आणि कोनामीचा रोड फायटर (१९८४) हे खेळ लहान गावांतील घरांतही पोहोचले. त्यांपैकी पहिला सरळ सरळ पोल पोझिशनच्या वळणाचा होता. दुसऱ्यात वरून पाहण्याची जुनी पद्धत होती आणि भारतीय मुलांत तोच अधिक लोकप्रिय ठरला.

पार्लरांकडे पाहण्याची शासनाची दृष्टी संशयाची होती आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. काही यंत्रांत खेळाच्या नावाखाली पैसे लावले जात. महाराष्ट्रात व्हिडिओ खेळांना १९२३ च्या करमणूक शुल्क अधिनियमाच्या कक्षेत घेण्यात आले. एम. जे. सिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य (१९९५) ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ खेळांची केंद्रे परवान्याच्या अधीन असल्याचे मान्य केले व खेळ कौशल्याचा की दैवाचा, हा निकष चर्चिला. ह्या निकषावर मोटारशर्यतीचा खेळ निःसंशय कौशल्याच्या बाजूस पडतो, कारण त्यात फेरीचा वेळ हातापायांच्या सवयीवर अवलंबून असतो. परंतु परवाना, शुल्क व पोलिसांची नजर यांत यंत्रायंत्रांतला हा भेद फारसा उरला नाही आणि पार्लरात जाणारे मूल बिघडलेले, ही समजूत घरोघर टिकून राहिली.

फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय चालक नारायण कार्तिकेयन हा २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून धावला. २०१० मध्ये करुण चंडोकही त्या पंक्तीत आला. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय शर्यतमार्गावर २०११ मध्ये भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. तीन वर्षे ती भरली. करमणूक म्हणून आकारावयाच्या करावरून उत्तर प्रदेश शासन व आयोजक यांच्यात वाद झाला आणि २०१३ नंतर ती बंद पडली.